बेटाबद्दल तो काय म्हणाला होता

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगायची वेळ आली की मी काहीतरी काम काढून उठायचो. मागच्या दिवाळीत मोठ्या मुलाने सहज विचारलं, "आबा, आपल्याकडे तो आफ्रिकेचा पाहुणा यायचा, भरीत आवडीने खाणारा, त्याचं पुढे काय झालं?" मी म्हणालो, "कोण जाणे, खूप जण यायचे." खूप जण यायचे हे खरं. पण भरीत आवडीने खाणारा तो एकच होता आणि मला त्याचा एकूण एक शब्द आठवतो. आता वय अठ्ठ्याहत्तर. स्मरण शाबूत आहे तोवर लिहून टाकतो. यात मला माझी बाजू मांडायची नाही. ती मी मनातल्या मनात फार वर्षं मांडली आणि ती खोटी आहे.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी जळगावला ठिबक सिंचनाच्या एका प्रशिक्षण केंद्रात दुभाषा होतो. त्याआधी हायस्कूलात इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे हे काम मिळालं. परदेशातून शेतीखात्याची माणसं दोन-तीन महिने शिकायला यायची. आमचे इंजिनिअर मराठी-हिंदीत शिकवायचे, शेतावरचे लोक अहिराणीत बोलायचे आणि या सगळ्याचं इंग्रजी मी करायचो.

माझी एक सवय होती आणि तिचं सगळीकडे कौतुक व्हायचं. मी बोलणं गोड करून सांगायचो. इंजिनिअर ओरडला, "अरे, याला डोकं आहे का? फिल्टर उलटा बसवलाय!" की मी पाहुण्याला सांगायचो, "साहेब म्हणतात, फिल्टरची दिशा एकदा बघून घ्यावी." पाहुणा म्हणाला, "तुमचं जेवण खाऊन माझ्या पोटाची आग झाली," की मी स्वयंपाकीणबाईंना सांगायचो, "त्यांना तिखट आवडलं, उद्या जरा कमी चालेल." केंद्राचे प्रमुख म्हणायचे, "सर, तुमच्यामुळे इथे कधी भांडण होत नाही." मला अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाची लाज वाटते. भांडण व्हायला हवं तिथेसुद्धा मी ते होऊ दिलं नाही.

हा पाहुणा गांबियाचा. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला नदीच्या दोन्ही काठांनी चिंचोळा पसरलेला तो देश. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने सडपातळ, बोलणं सावकाश. शेतीखात्यात कामाला होता, पण घराणं नावाड्यांचं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी केंद्राच्या ओट्यावर बसून त्याने वहीत नदी काढली. इतकी रुंद की पानावर काठ मावेनात. मधोमध एक ठिपका.

"हे बेट," तो म्हणाला. "इथे इंग्रजांचा किल्ला होता. आतल्या मुलखातून धरून आणलेली माणसं इथे कोंडून ठेवत आणि जहाजं आली की भरून नेत. माझे काका लोकांना होडीतून हे बेट दाखवायला नेतात."

"बघायला काय आहे तिथे?"

"पडक्या भिंती. बुटकी कोठडी, तिला हातभर झरोका. गोरखचिंचेची झाडं. बेट दरवर्षी थोडं थोडं नदीत जातं. काका लहान होते तेव्हा जिथे बकऱ्या चरायच्या, तिथे आता पाणी आहे."

काकांच्या घराण्यातले दोन सख्खे भाऊ कित्येक पिढ्यांमागे त्या बेटावरून नेले गेले होते. कुठल्या देशात उतरले, जगले की वाटेत मेले, काही कळलं नाही. काकांचा एक नेम होता. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते भावांची गोष्ट सांगत आणि उतरताना म्हणत, "घरी गेल्यावर सांगा." पुतण्या हिंदुस्थानात निघाला तेव्हा त्यालाही हेच सांगितलं: जिथे चार माणसं ऐकायला बसतील तिथे बेटाची गोष्ट सांग आणि लोकांनी ती ऐकली याची खूण मला आणून दे. खूण म्हणून तो एक लहान टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. भारतातल्या माणसांना गोष्ट सांगितली जाते आहे, त्यांच्याच भाषेत, हे त्याला काकांना ऐकवायचं होतं. ठिबक तो शिकलाच, चांगला शिकला. पण आला होता तो या कामासाठी.

रविवारी मी त्याला जळगाव दाखवायला नेत असे. काय दाखवलं जळगावने? माणसं सायकली थांबवून बघत. "हाऊ कोठला शे रे भो?" हा कुठला आहे, असं मला विचारत, जणू मी त्याला दोरी बांधून फिरवतोय. एका बाईने पोराला उचलून त्याचे केस हात लावून बघायला सांगितलं. सराफ बाजारात त्याला आईसाठी चांदीची अंगठी घ्यायची होती. दुकानदाराने अंगठी दाखवली आणि दात काढत तो मला म्हणाला, "भाऊ, रंग निघत नाही ना हाताचा? गादी पांढरी शे." नोकर हसले.

"काय म्हणाले?" पाहुण्याने विचारलं.

"तुमचं स्वागत करतायत," मी म्हणालो.

त्याने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि दुकानदाराचे आभार मानले. नोकर आणखी हसले. त्या दुकानदाराचा मला आजही संताप येतो, पण ज्याने पाहुण्याला त्याचेच आभार मानायला लावले, त्या माणसाला काय म्हणू? तो माणूस रोज दाढी करताना आरशात भेटतो.

आमच्या घरी तो तीन-चारदा जेवला. बायको वांगी भाजून भरीत करायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. तो म्हणायचा, आमच्याकडे सगळे एकाच मोठ्या ताटात जेवतात, तुम्ही ताटं वेगळी का करता? बायको म्हणायची, "त्यांना सांगा, भांडी घासायला मी आहे ना म्हणून." हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं आणि तो पोट धरून हसला.

जानेवारीत धुळ्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. सरकीचं तेल काढण्याची गिरणी, दोन शाळा, एक कॉलेज. शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांना परदेशी पाहुणा हवा होता. मी लगेच हो म्हटलं. माझा धाकटा मुलगा बी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसला होता आणि त्याचा अर्ज नानांच्या संस्थेत पडून होता. हे मी पाहुण्याला सांगितलं नाही. त्याला एवढंच सांगितलं की पाच-सहाशे मुलं असतील, तुमची गोष्ट सांगता येईल.

एवढी मुलं म्हटल्यावर त्याने मला आकडा पुन्हा सांगायला लावला. मग खोलीत जाऊन भाषण लिहायला बसला. दोन दिवस लिहीत होता.

जीपने एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला पोचलो. मुलींनी ओवाळलं. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "सर, ते थोडं नाचतील का? त्यांच्यात ढोल असतो ना? मुलांना गंमत."

"नाही नाचणार."

"बरं मग गाणं?"

नानांनी त्याचा हात हातात घेतला आणि मला विचारलं, "यासनाकडे बठ्ठा लोके कपडा घालतस ना?" त्यांच्याकडे सगळे लोक कपडे घालतात ना, असं. नाना स्वतःच्या विनोदावर मोठ्याने हसले, मागचे शिक्षक हसले. मीही हसलो. पाहुण्याने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, "प्रवास कसा झाला विचारतायत."

सभागृह भरलं होतं. पाहुण्याने टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, बटण दाबलं, आणि तो चालू आहे ना हे दोनदा बघितलं.

आधी नाना बोलले. त्यांचा आवडता विषय म्हणजे त्यांचं घराणं. त्यांचे पूर्वज कापडाचे व्यापारी. खानदेशातल्या गावोगावचं कापड गोळा करायचं, निळीत रंगवून घ्यायचं, बैलांवर लादून सुरतेला धाडायचं. "आणि सुरतेहून कुठे?" नानांनी मुलांना विचारलं. "जहाजाने सातासमुद्रापार! आपल्या खानदेशच्या कापडाने जग झाकलं, जग!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळं मी पाहुण्याच्या कानात इंग्रजीत सांगत होतो. कापडाचं आलं तसा तो ताठ बसला. "निळं?" त्याने विचारलं. "निळं म्हणाले ते?" मी होय म्हटलं.

तो बोलायला उठला तेव्हा लिहिलेला कागद त्याने घडी करून खिशात घातला. तो जे म्हणाला ते असं होतं. आज मी ते पहिल्यांदा मराठीत नीट लिहितो आहे.

"नाना म्हणाले, त्यांच्या पूर्वजांचं कापड जहाजाने जगात जायचं. त्यातलं काही आमच्या नदीत आलं असेल. माझ्या गावासमोर नदीत एक लहान बेट आहे. तिथे इंग्रजांचा किल्ला होता. हिंदुस्थानचं निळं कापड त्या किल्ल्यात उतरायचं आणि ते देऊन इंग्रज माणसं विकत घ्यायचे. माझ्या घराण्यातले दोन भाऊ असे विकले गेले. कापड विणणाऱ्याला हे ठाऊक नसणार. त्याला मी दोष देत नाही. पण विकत विकत पुढे नेणाऱ्यांपैकी कुणाला तरी ठाऊक असेल. मला वाटायचं, आमच्या बेटाचा संबंध फक्त गोऱ्यांच्या देशांशी आहे. आज कळलं, तुमच्याशीही आहे. मी रागावून सांगत नाही. आपण एकमेकांना अनोळखी नाही, म्हणून सांगतो. ते बेट झिजतं आहे. एक दिवस ते नदीत जाईल. मग ही गोष्ट फक्त माणसांच्या तोंडी राहील. म्हणून ती मी तुम्हाला देतो. घरी जाऊन सांगा."

तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. नानाही माझ्याकडे बघत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आपलं नाव आलेलं त्यांना कळलं होतं. "काय म्हनस हाऊ?" त्यांनी हसत विचारलं.

मी माईक घेतला आणि म्हणालो:

"पाहुणे म्हणतात, नानांच्या पूर्वजांचं कापड त्यांच्या गावापर्यंत पोचलं होतं. त्यांच्या नदीत एक बेट आहे, तिथे त्या काळी मोठी बाजारपेठ होती. आपल्या कापडाला तिथे फार मान होता. पाहुण्यांच्या घराण्यातल्या दोन भावांचा त्या व्यापाराशी थेट संबंध आला. त्यामुळे आज इथे येऊन त्यांना अनोळखी वाटत नाही. ही आठवण तुम्ही घरी जाऊन सांगावी, अशी त्यांची इच्छा आहे."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पाच-सहाशे मुलं. नाना उठले, स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांनी पाहुण्याच्या गळ्यात घातला आणि त्याला मिठी मारली. पाहुणा हात लांब सोडून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते विसरायचा मी फार प्रयत्न केला. तो टाळ्या वाजवणाऱ्या मुलांकडे एकेका रांगेने बघत होता.

जेवण नानांच्या घरी होतं. पाहुणा मुसलमान आहे हे कळल्यावर त्याचं पान बाहेर ओट्यावर मांडलं, कागदी पत्रावळीवर. आम्ही आत, स्टीलच्या ताटांत. "त्यांना उजेडात बरं वाटेल," नानांच्या घरातलं कुणीतरी म्हणालं. मी आत बसून श्रीखंड खाल्लं. दोनदा वाढून घेतलं.

परत येताना पारोळ्याच्या अलीकडे त्याने विचारलं, "आमच्याकडे ही गोष्ट संपली की लोक गप्प बसतात. इथे टाळ्या का वाजवल्या?"

"आमच्याकडे आदर असला की टाळ्या वाजवतात."

त्याने यावर विचार केला. "बरं," म्हणाला. पुढे जळगाव येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला.

आमच्या केंद्रात नशिराबादहून एक कृषी पदवीधर मुलगी कामाला यायची. बौद्ध कुटुंबातली, हुशार, कमी बोलणारी. पाहुण्याने टेप तिच्याकडे दिली. काकांना टेप ऐकवताना मराठी भागाचा अर्थ सांगता यावा, म्हणून तो त्याला तिच्याकडून इंग्रजीत लिहून हवा होता. दोन दिवसांनी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, टेप दोनदा ऐकली. ते बोलले ते वेगळं आणि तुम्ही बोललात ते वेगळं."

"सभेत थोडं सांभाळून घ्यावं लागतं."

"कुणाला सांभाळून?"

"तू असं कर, त्यांचंच इंग्रजी भाषण उतरून दे. कोण तपासतंय?"

"ते म्हणाले, माझं मला माहीत आहे. लोकांनी काय ऐकलं तेवढं लिही."

"अगं, परदेशी माणूस आहे, चार दिवसांनी जाणार. उगाच कशाला त्याचं मन दुखवायचं?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "सर, आमच्या गावच्या सभेत माझे आजोबा बोलायला उठले की पाटलांचा एक माणूस लगेच उठायचा. 'म्हणजे त्याला असं म्हणायचंय' असं म्हणून दुसरंच सांगायचा. आजोबा पुन्हा बोलायचे, तो पुन्हा उठायचा. शेवटी आजोबांनी बोलणं सोडलं. मी ऐकलं तेच लिहिणार."

मला तिचा राग आला. मी प्रमुखांकडे जाऊन म्हणालो की ती कामचुकारपणा करते, खाजगी लिखाण करत बसते. हेही मी केलं आहे. प्रमुखांनी तिला दोन शब्द सुनावले. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि संध्याकाळी कागद पाहुण्याच्या हातात देऊन आली.

दुसऱ्या दिवशी मी केळीच्या शेतात नळ्या मोजून घेत होतो. तो कागद घेऊन आला. त्याने ओळी वाचल्या, एकेक, हळू. "मोठी बाजारपेठ. फार मान. दोन भावांचा व्यापाराशी थेट संबंध." मग विचारलं, "हे मी म्हणालो?"

"साधारण अर्थ तोच..."

"तुम्हाला कुणी धमकी दिली होती?"

"नाही."

"भीती वाटली?"

"नाही, तसं काही नाही."

"भीती वाटली असती तर मला समजलं असतं," तो म्हणाला. आवाज जराही चढला नाही. मग म्हणाला, "मी मुलांना म्हटलं, घरी जाऊन सांगा. ती सांगणार. मुलं सांगतात. काय सांगितलं असेल त्यांनी?"

मी हातातली नळी पुन्हा मोजायला घेतली.

"तो सराफ. त्याने खरंच स्वागत केलं होतं? आणि धुळ्यात ते सगळे हसले, ते प्रवासावरून?"

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. तीन महिन्यांत या मुलखात त्याने जे जे ऐकलं, ते सगळं माझ्या तोंडून ऐकलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य त्याला खरं धरता येत नव्हतं. उरलेल्या दिवसांत तो इंजिनिअरशी खुणांनी बोलला, चित्रं काढून बोलला, पण मला बोलावलं नाही. काकांसाठी आणलेली ती कॅसेट त्याने बरोबर नेली की टाकून दिली, मला माहीत नाही.

जूनमध्ये धाकट्याला नानांच्या शाळेत नोकरी लागली. नाना म्हणाले, "तुमनं काम माले भलतं आवडनं." मुलगा आज त्याच शाळेत वरिष्ठ शिक्षक आहे. त्याला यातलं काही ठाऊक नाही. हे वाचून कळेल. त्याने रागावावं. नशिराबादची मुलगी वर्षभराने केंद्र सोडून गेली. तिलाही मी काही बोललो नाही.

त्या दिवशी धुळ्याच्या सभागृहात बसलेले तुम्ही आता चाळिशीच्या आसपास असाल. तुमच्यातल्या कुणाला तो पाहुणा आठवत असेल, तर ऐका. बेटावर बाजारपेठ नव्हती. बाजार होता, पण माणसांचा. आपल्या कापडाला मान होता म्हणजे त्यावर माणूस मिळत होता. ते दोन भाऊ व्यापारी नव्हते. ते माल होते. तुम्ही त्यावर टाळ्या वाजवल्या, कारण मी तुम्हाला फसवलं. तुमच्या टाळ्यांचा दोष माझा आहे. आता तरी घरी जाऊन सांगा.

त्याचा पत्ता केंद्राच्या रजिस्टरात होता आणि रजिस्टर माझ्याच कपाटात. मी तीनदा पत्र लिहायला घेतलं. पहिल्यात लिहिलं, "त्या दिवशी थोडा गैरसमज झाला." दुसऱ्यात लिहिलं, "प्रसंगाचं भान ठेवून काही भाग वगळावा लागला." तिसऱ्यात नानांना दोष दिला. स्वतःचा गुन्हासुद्धा मला गोड केल्याशिवाय सांगता येईना. तिन्ही फाडली. नंतर मी निवृत्त झालो, केंद्राने जागा बदलली, आणि ते रजिस्टर कुठे गेलं कोण जाणे.

खरी वेळ आली होती ती जळगाव स्टेशनवर, तो निघाला त्या सकाळी. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपण होऊन गेलो. घरून निघताना वाक्य इंग्रजीत जुळवलं होतं, वाटेत घोकलं होतं: मला माझ्या मुलासाठी नोकरी हवी होती, म्हणून मी तुमच्या भावांना दुसऱ्यांदा विकलं, मला क्षमा करा. तो डब्याच्या दारात उभा होता. मला बघून खाली उतरला, समोर येऊन थांबला. घाई नव्हती, गाडी सुटायला पाच-सात मिनिटं होती. तो वाट बघत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि त्याला म्हणालो, "मनमाडला गाडी बराच वेळ थांबते. तिथे जेवण चांगलं मिळतं."